हारातला जगनबाबा

नात दिपिकाचं लग्न धाटावच्या कंपनीत शिफ्ट करणाऱ्या सुजयशी ठरलं, त्याच साली जगनबाबा साऱ्या जगाला खुले झाले!

पेणच्या एका कॉलेजातल्या नमिताचं संशोधन होतं धरमतर खाडीच्या मिठागरांवर. बाबांचा जन्म मिठागरात गेलेला. ती विचारायची, बाबा सांगायचे. मग कॉलेजच्या लायब्ररीनं सगळे प्रबंध इंटरनेटवर ठेवले. कुणीही उघडा, कुणीही वाचा, फुकट! त्या समारंभात बाबांच्या गळ्यात झेंडूचा हार पडला. फोटो काढताना बाबांचे डोळे नेमके मिटले. नमितानं तोच फोटो काळा-पांढरा करून आपल्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर लावला.

"आता अमेरिकेतला माणूसपण मला वाचल!" बाबा छाती मिठाच्या राशीएवढी फुगवून सांगत. ऐकायला बहुधा त्यांचा लाडका तुरेवाला कोंबडाच असे.

लग्नाच्या आठवड्यात दिपिकानं ते पान सुजयला पाठवलं. वर एक अक्षर लिहिलं नाही. सुजयनं बघितलं: हार, मिटलेले डोळे, काळा-पांढरा फोटो. आपल्याकडे असा फोटो कधी लावतात, ते काय सांगायला हवं?

त्यानं फोन केले. दिपिका आणि आजी चंद्रावती पेणच्या बाजारात साड्या बघत होत्या; कोण उचलतो! बुधवारी दुपारी सुजयचे वडील हैबतराव जीप भरून माणसं घेऊन रोह्याहून हजर. दाराला कुलूप!

"नेलं वाटतं!" म्हणत सुजयची आजी रंभा अंगणात बसली आणि तिनं गळा काढला.

एवढ्यात बाबा मिठागरातून परतले. अंगणात रडारड, कुलूपबंद घर, चंद्रावती कुठंच नाही.

"चंद्रे! मला टाकून गेलीस गो!" बाबांनी हंबरडा फोडला.

मेलेला माणूस रडताना बघून जीपचा ड्रायव्हर कुंपणावरून पलीकडे!

तेवढ्यात दिपिकाला घेऊन, पिशव्या सावरत चंद्रावती आली. व्याही रडतायत, नवरा रडतोय. तिच्या हातातल्या पिशव्या गळाल्या. "लगीन मोडलं काय वो?"

"मोडलं नाय, पुढं ढकललं," हैबतराव म्हणाले. "घरात सुतक हाय. पण सुजयला कंपनी दुसऱ्यांदा रजा द्यायची नाय, म्हंजे मोडल्यासारखंच!"

"सुतक कुणाचं?"

सगळ्यांनी बाबांकडे बोट दाखवलं. बाबांनीही मागं वळून बघितलं.

शेवटी बाबांनी दिपिकाच्या फोनवरून, स्पीकर लावून, नमिताला गाठलं. "तो फोटो उतरव गो बाई!"

"बाबा, तिथं एकदा चढलं की सहजी उतरत नाही. तुमच्यामागंही राहणार ते!"

"ऐका! ती पण म्हणते, तुमच्यामागं!" हैबतराव ओरडले. "कॉलेजवाले खोटं कशाला लावतील?"

"अवो, मी तुमच्यासमोर उभा हाय!"

"ते दिसतंय. पण पावण्यांनी शंका काढली तर?"

रंभाआजीनं डोळे पुसले. "सुतकाच्या घरात कोंबडा कापतात काय रे? नाय ना? मग कापा. सगळ्यांदेखत शिजू दे. पुन्हा कुणी सुतकाचं नाव काढलं तर मी बघते!"

बाबांचं तोंड उतरलं. "भाजी चालणार नाय?"

"भाजी सुतकातपण शिजते!"

चंद्रावती विळी शोधायला आत गेली.

रविवारी लग्न ठरल्या मुहूर्तावर लागलं. जगनबाबा आजही ठणठणीत आहेत, फोटोही तिथंच आहे. वारला तो तुरेवाला कोंबडा, लग्नाच्या आधीच्या बुधवारी, दिवेलागणीच्या आत.