मुकादम आणि चाळीस सेकंदांचा व्हॉल्व्ह

शहराला सकाळी पाणी सोडणे आणि दुपारी ते बंद करणे हे जलवाटप कार्यालयाचं विहित कर्तव्य. ते वर्षानुवर्षं बिनबोभाट पार पडत होतं, आणि खरी चिंतेची बाब तीच होती. हे सगळं काम संगणकातला एकच प्रोग्राम करायचा. सकाळ झाली की टाकीत पाणी आहे का बघायचा, मोठा व्हॉल्व्ह उघडायचा, दुपारी बंद करायचा आणि गप्प बसायचा. त्याच्यासाठी कधी बैठक भरली नाही, समिती नेमली गेली नाही, त्याच्यामुळे कुणाला बढतीही मिळाली नाही. कार्यालयीन भाषेत बोलायचं तर प्रगती शून्य.

हा प्रोग्राम ज्यांनी लिहिला ते गृहस्थ झेरॉक्स मशीनच्या शेजारच्या टेबलाशी बसायचे. राहायला एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, सोबत बायको आणि सासूबाई. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून त्या लेकीकडे येऊन राहिल्या होत्या. इमारतीत सगळे या गृहस्थांना 'पाणीवाले' म्हणत. सकाळी नळ खळखळून वाहायला लागला की पाणीवाले दाढी करता करता आरशात स्वतःकडे बघून हळूच हसत. एवढाच काय तो त्यांचा माज.

मग कार्यालयात संगणक प्रणालीचे मुख्य रचनाकार रुजू झाले. ते कुठल्याशा परिषदेला जाऊन आले होते आणि तिथला बिल्ला अजून गळ्यात घालून हिंडत होते.

"हा प्रोग्राम एकटाच सगळं करतो?" त्यांनी पहिल्याच बैठकीत विचारलं.

"हो साहेब," पाणीवाले म्हणाले.

"आणि पडला तर?"

"अजून कधी पडला नाही, साहेब."

"म्हणजे पडायची सवयच नाही त्याला!" रचनाकारांना मनापासून वाईट वाटलं. "फार धोक्याचं आहे हे. मोडून टाका. तुकडे करा. हल्ली जगात कुणी अखंड राहत नाही. काही अडचण?"

पाणीवाल्यांना बोलायचं खूप होतं. पण टेबलाभोवतीच्या सगळ्या माना खाली-वर हलत होत्या, आणि एकट्यानं मान आडवी हलवायला जी छाती लागते ती त्यांनी त्या दिवशी घरी ठेवली होती.

"नाही साहेब. ठीक आहे."

झालं. एका प्रोग्रामच्या साठ छोट्या 'सेवा' झाल्या, म्हणजे एकेकच काम करणारे साठ चिमुकले प्रोग्राम. सकाळ झाली हे ओळखायला एक सेवा, तिचं म्हणणं खरं आहे का हे तपासायला दुसरी. टाकीत डोकावणारी एक, आणि डोकावण्याची परवानगी देणारी निराळी. व्हॉल्व्ह उघडणारी अर्थातच एकच, कारण व्हॉल्व्हही एकच. शेवटी रचनाकारांनी काढलेल्या आकृतीत उजवीकडचा कोपरा रिकामा दिसत होता म्हणून तिथंही एक सेवा बसवली. ती काहीच करत नव्हती, पण दिसायची छान.

आता साठ जणांना धाकात ठेवायचं म्हणजे वर कुणीतरी हवं. त्यासाठी समन्वयन प्रणाली बसवली. तिला सगळे मुकादम म्हणू लागले. मुकादमाचं काम सरळ होतं. दर दहा सेकंदांनी तो प्रत्येक सेवेला विचारायचा, "ठीक आहेस ना?" जी "ठीक आहे" म्हणेल तिच्या नावापुढे भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर हिरवा दिवा. लागोपाठ तीनदा उत्तर आलं नाही तर ती मेली असं धरून मुकादम तिला पुसून टाकायचा आणि तिच्या जागी तशीच कोरी करकरीत सेवा जन्माला घालायचा. तू काम काय केलंस, हे तो कुणालाही विचारत नसे. ते त्याच्या कार्यकक्षेत येत नव्हतं.

उद्घाटनाच्या सकाळी पडदा हिरवागार झाला. टाळ्या झाल्या, बिस्किटं वाटली गेली, आणि पाणीवाल्यांचा फोन वाजला.

"अहो, नळाला पाणी नाही," बायको म्हणाली.

"असं कसं होईल? इथं सगळं हिरवं आहे."

"असेल. इथं सगळं कोरडं आहे. नळ नुसता गुळण्या करतोय. घोटभर येतं आणि जातं. आता मी आईचा गुडघा शेकू की खालून बादल्या आणू?"

पाणीवाले संध्याकाळपर्यंत संगणकात डोकं खुपसून बसले, आणि सापडलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. शहराचा व्हॉल्व्ह अजस्र. उघडायला चाळीस सेकंद लागायचे, बंद मात्र एका झटक्यात व्हायचा. व्हॉल्व्हची सेवा बिचारी इमानेइतबारे तो उघडायला घ्यायची. मधेच मुकादम विचारायचा, "ठीक आहेस ना?" ती कामात. पुन्हा विचारायचा. अजून कामात. तिसऱ्या हाकेला व्हॉल्व्ह अर्ध्याहून जास्त उघडलेला असायचा, आणि नेमकी तेव्हाच ती मारली जायची. नवी जन्माला यायची. नव्या सेवेनं नेहमी माहितीतल्या स्थितीपासून, म्हणजे बंद व्हॉल्व्हपासून, सुरुवात करावी, असा नियम होता. म्हणून ती आल्या आल्या पहिलं काम करायची ते व्हॉल्व्ह बंद करण्याचं. मग उघडायला लागायची, की पुन्हा मुकादम. दिवसभर हेच. कोपऱ्यातली ती रिकामटेकडी सेवा मात्र प्रत्येक हाकेला तत्परतेनं ओ देत होती. त्या महिन्यात तिला उत्कृष्ट सेवा म्हणून गौरवण्यात आलं.

"साहेब," पाणीवाले रचनाकारांच्या केबिनमध्ये जाऊन म्हणाले, "व्हॉल्व्हच्या सेवेला मिनिटभर काही विचारू नकोस, एवढंच मुकादमाला सांगू या."

"एकीला सवलत द्यायची? उद्या प्रत्येक सेवा म्हणेल, मी कामात आहे."

"पण ही खरंच कामात असते हो."

"तोच तिचा दोष आहे," रचनाकार समजुतीच्या सुरात म्हणाले. "जिला काम करताना बोलता येत नाही, तिची घडणच चुकली. आपण असं करू. प्रत्येक सेवेला एक सोबती देऊ. तिनं काम करायचं, सोबत्यानं तिच्या वतीनं 'ठीक आहे' म्हणायचं."

साठाच्या एकशेवीस झाल्या. दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्ह खरोखर पूर्ण उघडला आणि शहरानं भांडीकुंडी भरून घेतली. सासूबाईंनी जावयाला तोंडभरून आशीर्वाद दिले. त्याच्या पुढच्या दिवशी, परवानगी देणाऱ्या सेवेनं परवानगी पाठवायला उशीर केला म्हणून व्हॉल्व्हची सेवा वाट बघून बघून मेली. शेजारी बसलेला सोबती दर दहा सेकंदांनी सांगत राहिला, "ठीक आहे." आधी ती जिवंत असताना मारली जायची. आता मेली तरी जिवंत होती. नळाच्या गुळण्याही थांबल्या.

मग पाणीवाल्यांनी एक गुन्हा केला. गुन्हाच म्हणायचा, कारण त्याला मंजुरी नव्हती. ते सकाळी कार्यालयात जायच्या आधी टाकीवर गेले, व्हॉल्व्हचं लोखंडी चाक दोन्ही हातांनी धरलं आणि फिरवत सुटले. पंधरावीस मिनिटं लागली, तळहातांची सालं निघाली, पण शेवटी चाक खटकन अडकलं आणि पाणी धो धो निघालं. दुपारी खीळ काढून व्हॉल्व्ह बंद केला आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. मग रोजचंच झालं.

"बघा!" रचनाकार पडद्यापुढं उभे राहून म्हणाले. "पडदा हिरवा आणि नळालाही पाणी. सोबती योजना यशस्वी झाली की नाही?"

पाणीवाल्यांनी सोललेले हात खिशात घातले. आता तरी बोल की रे बाबा, असं त्यांचं मन त्यांना ओरडून सांगत होतं.

"हो साहेब," ते म्हणाले, "ठीक आहे."

या यशानं रचनाकार इतके हरखले, की त्यांनी परिपत्रकच काढलं. 'समन्वयन प्रणालीचे लाभ सर्व कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचविण्यात येत आहेत. रोज सकाळी सहापासून दर पाच मिनिटांनी आपल्या फोनवर "आपण ठीक आहात ना?" अशी आपुलकीची विचारणा होईल. हिरवे बटण दाबून उत्तर द्यावे. सलग तीन वेळा उत्तर न आल्यास संबंधित पद रिक्त समजून तत्काळ नवीन नेमणूक करण्यात येईल.'

पडदा सांभाळणाऱ्या मॅडम पाणीवाल्यांच्या शेजारीच बसत. त्या म्हणाल्या, "घाबरताय काय? फोन हातातच ठेवायचा. वाजला की दाबायचं. मी सकाळपासून दुसरं काहीसुद्धा केलेलं नाही. एकदम हिरवी आहे मी."

"पण मॅडम, काम?"

"तेवढा वेळ मिळतोय कुठं?"

दुसऱ्या सकाळी पाणीवाले चाक फिरवत असताना खिशात फोन वाजला. चाक अर्ध्यावर आलं होतं. हात काढला असता तर ते गर्रकन उलटं फिरून व्हॉल्व्ह खाडकन बंद झाला असता. त्या दिवशी सासूबाईंच्या गुडघ्याची पट्टी निघायची होती, आणि आज अंगभर पाण्यानं अंघोळ करणार, असं त्यांनी आदल्या दिवसापासून घरात जाहीर करून ठेवलं होतं. पाणीवाल्यांनी ओठ आवळले आणि चाक धरून ठेवलं. फोन दुसऱ्यांदा वाजला. त्यांना घराचे हप्ते आठवले, बायकोचा चेहरा आठवला. "अरे थांब की मेल्या, दोन मिनिटं थांब!" ते खिशाकडे बघून ओरडले. तिसऱ्यांदा वाजून थांबला तेव्हा चाक खटकन अडकलं. पाणी निघालं. त्यांनी ओल्या हातानं फोन काढला, तर त्यावर आलं होतं, 'आपल्या सेवेबद्दल आभार.'

नवा माणूस त्याच तासात हजर झाला. तरतरीत, इस्त्रीचा शर्ट, आधी काय घडलं याची काडीमात्र माहिती नाही. त्यानं नियम वाचला, माहितीतल्या स्थितीपासून सुरुवात करावी. पायऱ्या चढून टाकीवर गेला आणि चाकाची खीळ काढून व्हॉल्व्ह बंद केला. मग फोन हातात घेऊन बसला.

सासूबाई तेव्हा साबण लावून बसल्या होत्या.

"म्हणजे तुम्ही काम करत होतात म्हणून तुम्हाला काढलं?" बायकोनं विचारलं. तिच्या आवाजात राग जास्त की रडू जास्त, हे त्यांना कळेना.

"तसं नाही. काम करत होतो म्हणून उत्तर दिलं नाही, आणि उत्तर दिलं नाही म्हणून काढलं. नियमात तो फरक आहे."

"फरक गेला चुलीत! जाऊन भांडा."

पाणीवाले आयुष्यात पहिल्यांदा भांडायला गेले. तक्रार निवारण कक्षातल्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बाई खरंच भल्या होत्या.

"हे बघा, तरतूद आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही गेल्यापासून पाणी बंद आहे, असं तुमचं म्हणणं. आम्ही शहरातल्या प्रत्येकाला फोनवर विचारू, 'पाणी ठीक आहे ना?' एकानं, अहो फक्त एकानं जरी 'नाही' म्हटलं, तर चौकशी उघडते आणि चौकशी होईपर्यंत तुमची जागा तुम्हाला परत."

"एकच?" पाणीवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शहरात तेवढंच काय ते आलं होतं. "अहो बाई, अख्खं शहर बादल्या घेऊन वणवण करतंय!"

"मग झालंच तुमचं काम. या परवा."

परवा ते दाढी करून, परीटघडीचे कपडे घालून गेले. बाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. शहराचा नकाशा होता, घरागणिक एक ठिपका. सगळे ठिपके हिरवे होते.

"असं होणंच शक्य नाही," पाणीवाले म्हणाले, आणि धावत घरी आले. इमारतीच्या जिन्यात तळमजल्यावरचे शिक्षक दोन्ही हातांत बादल्या घेऊन धापा टाकत उभे होते.

"सर, तुम्ही काय उत्तर दिलंत?"

"कसलं? अच्छा, ते होय. हिरवं दाबलं. 'नाही' दाबलं की चार पानं प्रश्न येतात हो, वर नळाचा फोटो मागतात. इथं पाणी भरायला वेळ पुरत नाही, एवढं कोण भरत बसणार?"

घरात बायको पातेलं पुसत होती. कापडानं, कारण धुवायला पाणी नव्हतं. तिनं नवऱ्याचा चेहरा बघितला आणि तिला समजलं.

"अहो, हातात कळशी होती. फोन सारखा टुणटुण करत होता. गप्प बसावा म्हणून दाबलं. वाटलं, बाकीचे कळवतीलच की."

"मी पण दाबलं हो," आतून सासूबाई म्हणाल्या. "इतक्या आपुलकीनं विचारतात, त्यांना कशाला नाराज करायचं?"

पाणीवाले खुर्चीत बसले. निदान आपलं एक 'नाही' तरी असेल, म्हणून त्यांनी स्वतःचा फोन उघडला. निरोप आला होता, त्या दिवशी बाईंच्या कक्षातून बाहेर पडताच. उत्तरही गेलं होतं, त्याच मिनिटाला. नोकरी गेल्यापासून फोन वाजला की त्यांचा अंगठा आपोआप हिरव्यावर जायचा. तीन चुकले तर काय होतं ते त्याला चांगलंच ठाऊक होतं.

प्रकरण रीतसर बंद झालं. 'नागरिक पूर्णतः समाधानी' असा शेरा पडला आणि रचनाकारांना दुसऱ्या शहराचं बोलावणं आलं. तिथला सगळा कारभारही म्हणे अजून अखंडच चालतो.

तुम्ही पाणीवाल्यांना हसताय, हसा. पण परवा दुपारी तुमचाही फोन वाजला होता. त्या नकाशावर तुमच्या घराचाही ठिपका आहे, चांगला हिरवागार. दाबताना तुम्ही वर काय विचारलंय ते वाचलंसुद्धा नाही.