चष्मेवाल्यांचं पथ्य

चष्मेवाल्यांनी बुधवारी सकाळी दुकान उघडलं आणि चष्म्याच्या एका रिकाम्या खोक्यावर लिहिलं: शुक्रवार, पाहुणे चार. मग समोरच्या गिऱ्हाइकाला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावून ते स्वतः त्या खोक्याकडेच बघत बसले. गिऱ्हाईक तीनदा चुकलं तरी त्यांना पत्ता नव्हता.

त्यांची बायको जाऊन वर्ष झालं होतं. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ, यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, लागायचा. मग शनिवारी सूर्य मावळेपर्यंत चूल पेटवायची नाही, फोनला हात लावायचा नाही, घरातली वस्तू रस्त्यावर न्यायची नाही. म्हणजे शुक्रवारचं जेवण दिवस मावळायच्या आत शिजून तयार हवं. बायको होती तेव्हा त्यांच्या टेबलाशी बारा-बारा माणसं दाटीवाटीनं जेवायची. आता गल्लीतल्या तीन घरांनी त्यांना वाटून घेतलं होतं. एका शुक्रवारी शिवणवाली, पुढच्या शुक्रवारी घड्याळजी नि त्यांची बायको, त्याच्या पुढच्या शुक्रवारी एकटे राहणारे गणिताचे निवृत्त मास्तर. सगळी मायेची माणसं. पण दर आठवड्याला कुणाच्या तरी दारात पाहुणा म्हणून उभं राहायचा चष्मेवाल्यांना आताशा फार संकोच वाटायचा. एकदा तरी आपल्या टेबलाशी माणसं बसावीत, एवढंच त्यांच्या मनात होतं.

आमंत्रण कसं द्यायचं ते त्यांना ठाऊक होतं. अडतीस वर्षं त्यांनी बायकोला फोनवर ऐकलं होतं. ती 'जेवायला या' असलं काही म्हणायचीच नाही. थेट पदार्थांवर यायची, आणि शुक्रवारी माणसं हजर व्हायची.

त्यांनी आधी शिवणवालीला फोन लावला.

"शुक्रवारच्या जेवणाचं विचारायचं होतं. लसूण?"

"एक पाकळीसुद्धा नाही. तुम्ही अगदी निर्धास्त राहा."

"बरं बरं. मग भेटू शुक्रवारी."

"भेटू की."

खोक्यावर नोंद झाली: शिवणवाली, लसूण वर्ज्य. एरवी तिच्या खिडकीखालून जाताना लसणाच्या फोडणीनं नाक भरून जायचं हे त्यांना आठवलं, पण वयानुसार माणसाचं पोट बदलतं असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

घड्याळजींच्या बायकोनं फोन उचलला. "मासे?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"छे हो, मासे कसले. शुक्रवारी मासे नाहीतच."

"आणि तिखट?"

"तिखट सोडाच, मिरीचा दाणासुद्धा नाही."

मास्तर नेहमीसारखे मोजून बोलले. "वांगं नाही. मटण नाही, जड पडतं. कोंबडी, उकडलेली."

खोकं चारी बाजूंनी भरलं. त्यावरचं एकेक खोडता खोडता शेवटी उकडलेली कोंबडी, बटाटे, गाजरं आणि भात एवढंच उरलं. हौसेनं त्यांनी शुक्रवारी सकाळी दुधाचं पुडिंगही केलं, आणि ते घट्ट झाल्यावर त्यांना आठवलं की मांसाच्या जेवणात दूध चालत नाही. पुडिंग त्यांनी गपचूप फ्रिजमध्ये मागे सारलं आणि सफरचंदं भाजायला घेतली. बायकोचं मोठं पातेलं बारा माणसांचं होतं. त्यात पाच जणांची कोंबडी पार तळाशी गेली, म्हणून त्यांनी बटाटे वाढवले. बटाटे जास्त झाले म्हणून पाणी वाढवलं. असं करत करत रस्सा इतका पातळ झाला की पातेल्याचा तळ चष्म्याशिवाय दिसू लागला.

दिवस मावळायच्या आत त्यांनी फोन बंद करून कपाटात टाकला, मेणबत्त्या लावल्या आणि दोन पावांवर पांढरं फडकं घातलं. प्रार्थनेला ते गेले नाहीत, स्वयंपाकातून फुरसतच मिळाली नव्हती. पाच खुर्च्या मांडून ते त्यांतल्या एकीवर बसून राहिले.

प्रार्थना सुटली, गल्लीतून पावलं गेली, दारं लागली. त्यांचं दार कुणी वाजवलं नाही. जाऊन बघावं असं एकदा वाटलं, पण आपण तिकडे जायचं आणि पाहुणे इकडे यायचे, अशी चुकामूक नको म्हणून ते हलले नाहीत. मेणबत्ती निम्मी झाली. आपण जातो तेव्हा ही माणसं दयेनं जेवू घालतात, आपल्याकडे यायचं म्हटलं की पाय जड होतात, हे त्यांना आता स्वच्छ दिसलं आणि फार वाईट वाटलं. इतकं एकटं त्यांना बायकोला पोचवून आल्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्या दिवशी निदान घर भरलेलं होतं.

तेवढ्यात दारावर धाडधाड थाप पडली. शिवणवाली धापा टाकत उभी होती.

"अहो, धडधाकट आहात ना?"

"मला काय धाड भरलीय?"

"मग आला का नाहीत? ताट मांडून केव्हाची बसलेय मी."

ते उत्तर देणार तोच तिच्या मागे घड्याळजी नि त्यांची बायको उगवली. "पडलात बिडलात की काय? आम्ही तासभर तुमची वाट बघतोय." त्यांच्यामागून मास्तर आले, काठी टेकत. "एक तास दहा मिनिटं," ते म्हणाले. "आणि आज हे माझ्याकडे यायचे होते."

"तुमच्याकडे कसे? आमच्याकडे."

"आज मीच तुम्हाला सगळ्यांना बोलावलं होतं," चष्मेवाले म्हणाले.

"कधी?"

"फोन केला की."

"फोनवर तुम्ही जेवणात काय आहे ते विचारलंत," घड्याळजींची बायको म्हणाली. "आम्हाला वाटलं, या शुक्रवारी आमच्याकडे यायचं ठरवलंय तुम्ही."

"'या' असं म्हणालात का?" मास्तरांनी विचारलं.

चष्मेवाल्यांनी आठवून पाहिलं. "ती पण म्हणायची नाही."

"म्हणायची हो," शिवणवाली हळूच म्हणाली. "आदल्या शनिवारीच, प्रार्थनाघराच्या पायरीवर. तुम्ही तेव्हा तुमचे बूट शोधत असायचात."

तिन्ही घरांत ताटं मांडलेली होती, पण शब्बाथ लागल्यावर ती या घरी आणता येणार नव्हती. सगळे टेबलाशी बसले. चष्मेवाल्यांनी द्राक्षरसावर आशीर्वाद म्हटला, पाव मोडला आणि वाढायला घेतलं. घड्याळजी मिरीची बाटली शोधत टेबलावर नजर फिरवत होते.

"यात लसूण नाही वाटतं?" शिवणवालीनं शेवटी विचारलं.

"तुम्हीच म्हणालात, एक पाकळी नको."

"ते तुमच्यासाठी. लसणानं तुमच्या छातीत जळजळतं ना."

"माझ्या?"

"आणि माशानं पोट बिघडतं," घड्याळजींची बायको म्हणाली. "तिखटही सोसत नाही."

"वांग्यानं पुरळ येतं," मास्तरांनी भर घातली.

"कोण म्हणालं?"

"तीच," शिवणवाली म्हणाली. "लग्न होऊन आली त्याच वर्षी तिनं घरोघर सांगून ठेवलं होतं. तुम्ही यायचे असलात की आम्ही सगळेच फिकं करतो. आता इतकी वर्षं झाली, सवय झालीय."

चष्मेवाल्यांच्या छातीत जन्मात कधी जळजळलं नव्हतं. दुपारी दुकान बंद करून मागच्या गल्लीत लसणातले तिखट मासे खायचे आणि घरी जाण्याआधी लवंग चघळायची, हा त्यांचा आठवड्याचा नेम होता. तो तिच्या ध्यानात आला नाही असं ते आजवर समजत होते. लसणाचा वास सोसायचा नाही तो तिला. वांगं, मासे, तिखट, सगळ्यालाच ती नाक मुरडायची. पण दुसऱ्याच्या घरी जाऊन 'मला हे नको' असं म्हणायला तिची जीभ रेटायची नाही, म्हणून ते सगळं तिनं नवऱ्याच्या नावावर खपवलं होतं आणि अडतीस वर्षं सुखानं जेवली होती. चष्मेवाल्यांना हसू आलं आणि पाठोपाठ त्यांनी चष्मा काढून पुसला.

सगळे त्यांच्याकडे बघत होते. खरं एकदा सांगून टाकलं की पुढच्या शुक्रवारपासून लसूण, मिरी, तळलेले मासे. त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं.

"खाता की काय तुम्ही लसूण?" शिवणवालीनं विचारलं. "ती उगाच कशाला सांगेल?"

"छे, छे," चष्मेवाले म्हणाले. "ती म्हणाली ते अगदी खरं. लसूण खाल्ला की पुरळ येतं मला."

"पुरळ वांग्यानं," मास्तर म्हणाले. "लसणानं जळजळ."

"दोन्हींनी दोन्ही होतं."

"मग पुढच्या शुक्रवारी आमच्याकडे," घड्याळजींची बायको म्हणाली. "घाबरू नका, फिकंच करीन."

"फिकंच करा," चष्मेवाले म्हणाले, आणि त्यांनी आणखी एक बटाटा वाढून घेतला.