उंदरांची पंगत

आमच्या गावात माझ्यासारखा वाढपी झाला नाही! लग्न असो की बारसं, पहिल्या पानावर पडेल तेच शेवटच्या पानावर पडणार. पंक्तिप्रपंच माझ्या हातून कधी झाला नाही. आणि तेच नडलं!

सत्त्याऐंशी साल. रत्नागिरीतल्या एका प्रयोगशाळेत मी उंदीर सांभाळत होतो. साधे नव्हेत, मुंबईहून आणलेले, जन्मापासून रक्तदाब चढलेले! आमच्या इशरतबाईंनी तारली माशाच्या मांसातून एक पूड काढली होती. तिच्यातल्या प्रथिनाच्या बारीक तुकड्यांनी दाब उतरतो का, ते बघायचं होतं. सहा उंदरांना पुडीचं पाणी, सहांना साधं. महिन्याने मुंबईचे साहेब येणार. गुण दिसला नाही तर काम बंद.

पिंजऱ्यांवर बाईंनी पाट्या लावल्या, ‘औषध’ आणि ‘पाणी’. मी प्रौढांच्या वर्गात नुकताच अक्षरं शिकलेलो. दिसेल ते वाचत सुटायचो. ‘पाणी’च्या ओळीत एक म्हातारी उंदरीण होती. चिमा हे नाव मीच ठेवलेलं. गजांना नाक लावून ती समोरच्या ओळीकडे बघत बसायची. माझ्या घशाखाली घास उतरेना. आजारी सगळेच, आणि औषध अर्ध्या पंगतीला?

बाई रोज पूड मोजून द्यायच्या, बाटल्या मी भरायचो. मी ती बाराही बाटल्यांत सारखी वाढली!

महिन्याने बाईंनी उंदरांच्या शेपट्यांना पट्टे बांधून दाब मोजला. पहिली ओळ उतरलेली. बाई हसल्या. दुसरीही तेवढीच उतरलेली! हसू गेलं.

“साध्या पाण्याने?”

शिपाई विठू म्हणाला, “बाईनू, आपल्या बावीच्या पाण्यातच गुण हाय!”

झालं! संध्याकाळपर्यंत विहिरीवर कळश्यांची रांग. हेडक्लार्क दाबाचे रोगी. ते सात तांबे प्यायले आणि दिवसभर खुर्चीला टेकले नाहीत!

बाई मात्र खिडकीशी बसून होत्या. “आमची पूड नि पाणी सारखंच ठरलं, काका. दोन वर्षं फुकट गेली. साहेबांना तसं लिहिते.”

मी बाईंसमोर जाऊन उभा राहिलो.

“बाई, नुसतं पाणी कोणालाच नव्हतं. मी सगळ्यांना सारखं वाढलं.”



“काका, एका ओळीला गुण येत नाही, तेव्हाच दुसरीला औषधाने आला हे कळतं.”

“मग चिमाचं काय?”

त्यांनी पिंजऱ्याकडे पाहिलं. “पुढे माणसांना मिळेल कदाचित. चिमाला नाही.”

बाईंनी खरं ते मुंबईला कळवलं. आणखी दोन महिने मिळाले. चिमाची बाटली रोज मीच भरली, साध्या पाण्याने, मान खाली घालून. औषधाची ओळ उतरलेलीच राहिली, चिमाची पुन्हा चढली. काम वाचलं. बाईंनी पेढे वाटले. माझा पेढा खिशातच राहिला.

या खेपेला पूड बाईच पाण्यात कालवून द्यायच्या, आणि पाट्या इंग्रजीत होत्या, मला वाचता येऊ नयेत म्हणून. वाचता आल्या नाहीतच. पण चिमा कुठल्या ओळीत बसली आहे हे कळायला अक्षरं कशाला लागतात?