दुसरा ब्रेक

"भेटायचंय ना, मग सकाळी शिकवणीच्या गाडीत येऊन बस," खारूताई फोनवर म्हणाली होती. "मला वेगळा वेळ काढणं होत नाही गं. गप्पाही होतील आणि तुझा हातही बसेल."

म्हणून चिमणी आज स्टिअरिंगमागे बसली होती. कॉलेजात दोघींची ही नावं पडली ती कायमचीच. पुढे चिमणी नावाप्रमाणे परदेशी उडाली आणि खारूताईने इथे ड्रायव्हिंग स्कूल काढलं. चिमणी तिकडे वर्षानुवर्षं गाडी चालवत होती, पण तिकडचं सगळंच उलट्या बाजूचं. वळायचं म्हणून तिने सवयीने दांडी ओढली, तर दिवा लागायचा राहिला आणि कोरड्या काचेवर वायपर करकरत फिरू लागले.

"छान. जमतंय हं तुला," खारूताई म्हणाली.

चिमणीच्या काळजात बारीक काटा रुतला. हीच बाई कॉलेजात तिला उठता बसता गाढव म्हणायची. आता परक्याच्या लेकराचं कौतुक करावं तसं बोलत होती. आल्यापासून सगळ्यांचंच असं. पायातली चप्पल निघायच्या आत प्रश्न तयार, "परत कधी जाणार?" त्याचं उत्तर चिमणीने मनाशी पक्कं केलं होतं. जाणार नाही. आईलासुद्धा अजून सांगितलं नव्हतं. आधी खारूताईला सांगायचं, समोरासमोर सांगायचं आणि हा तास संपायच्या आत सांगायचं, असा तिने चंग बांधला होता.

अडचण मागच्या सीटवर होती. पुढचा तास ज्यांचा होता ते निवृत्त हेडमास्तर तिथे मांडीवर पिशवी घेऊन बसले होते. नजर खिडकीबाहेर, पण कान दोन्ही पुढे.

"मग, नोकरी काय म्हणते?" खारूताईने विचारलं.

"सोडली."

गाडी जागच्या जागी थांबली. शिकवणीच्या गाडीत मास्तरणीच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. खारूताई दचकायच्या आधी तिचा पाय दचकला होता. मागच्या टेम्पोने हॉर्नवर हात ठेवला आणि हेडमास्तरांचा चष्मा नाकावरून पिशवीत पडला.

"सोडली म्हणजे?" खारूताई म्हणाली आणि लगेच आवाज मऊ केला. "बरं, असू दे. विचार करूनच सोडली असशील. पहिला गिअर टाक."

"अगं, ऐक तरी. जरा बाजूला थांबवू का गाडी?"

"तासाला मी गाडी उभी करत नाही. पोरं शेफारतात."

"मी पोर आहे का?"

"नाही गं बाई, तू पाहुणी. समोर बघ."

पाहुणी. चिमणीने ओठ घट्ट मिटले आणि गिअर बदलला. चौक आला तसं तिने रस्त्यावरची नजर न हलवता सांगून टाकलं, "तिकडचं घरही विकलं."

या वेळी ब्रेक लागला तो चौकाच्या ऐन मध्यावर. गाडी आचका देऊन बंद पडली. चारी बाजूंनी वाहनं येऊन दोऱ्याच्या गुंत्यासारखी अडकली. त्या गुंत्यातून वाट काढत चौकातला पोलीस खिडकीशी आला.

"मॅडम, तुमची गाडी मी रोज बघतो. आज काय झालंय?"

हेडमास्तरांनी काच खाली केली. "साहेब, मी सांगतो. या बाई परदेशातून आल्यात. यांनी नोकरी सोडली ते आम्हाला मागच्या गल्लीत कळलं. घर विकल्याचं आत्ता, तुमच्या हद्दीत."

पोलिसाने तोंडातली शिट्टी काढली आणि वाकून चिमणीकडे पाहिलं. "मग आता राहणार कुठं?"

केवढी वाक्यं जुळवून आणली होती चिमणीने. त्यांतलं एकही वेळेवर आलं नाही.

"इथंच," ती म्हणाली. "मी परत जाणार नाही."

खारूताई काचेतून समोर बघत राहिली. पोलिसानेही थोडी वाट पाहिली, मग त्याला आपलं काम आठवलं. "बरं, बरं. आता निघा."

चिमणीने किल्ली फिरवली, क्लच सोडला. आचका, आणि गाडी बंद. पुन्हा फिरवली. पुन्हा बंद. तिची कानशिलं तापली. शेजारची उत्तर देत नव्हती आणि गाडीही देत नव्हती.

"बिघडली वाटतं," पोलीस म्हणाला.

हेडमास्तर दोन सीटांमधून पुढे वाकले आणि त्यांनी खाली पाहिलं. "गाडीला काही झालेलं नाही. मॅडम, पाय काढा."

खारूताईचा पाय जात्याच्या खुंट्यासारखा ब्रेकवर रोवलेला होता.

"काढते," ती म्हणाली. आवाज भिजला होता. "आधी तिला परत एकदा म्हणू दे."

"जाणार नाही," चिमणी म्हणाली.

"आईशप्पथ?"

"आईशप्पथ."

पाय उचलला गेला. पोलिसाने चारी दिशा अडवून वाट करून दिली आणि गाडी चौकातून सुटली. पुढच्या वळणावर खारूताईने नाक पुसलं, सावरून बसली आणि तिला तिचा जुना आवाज सापडला.

"पाहुणी म्हणून इतका वेळ जीभ आवरली होती. आता राहणारच आहेस तर ऐक. तुला गाडी काडीची येत नाही. ऊन पडलेलं असताना वायपर कोण लावतं गं, गाढवे? आणि तो क्लच आहे, शिलाई मशीन नाही, सारखा पाय मारायला."

चिमणीला रस्ता धूसर दिसू लागला. "अजून बोल," ती म्हणाली.

"बोलणारच आहे. आता मी तुला सोडत नसते. घे डावीकडे."

स्कूलचं दार उजवीकडे होतं. ते मागे पडलेलं बघून हेडमास्तरांनी घसा खाकरला. "मॅडम, माझा तास?"

"आज राहू दे, सर. आज हिलाच शिकवते."

"चालेल," हेडमास्तर पिशवी पोटाशी घेऊन मागे रेलले. "फक्त मला मध्येच उतरवू नका."