डोंगरीच्या खांबाची रेष

डोळ्यांवर विसंबून दर्या तुडवायचे दिवस गेले, असं महिपत तांडेलाने चौकच्या बंदरावर भर बाजारात जाहीर केलं. यापुढे त्याची होडी विमानासारखी घरी येणार होती! ऐकणाऱ्या बायकांनी मासळीवरच्या माशा हाकलल्या आणि एकमेकींकडे पाहिलं.

खरी गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती. आपण ती झाकून ठेवलीय असं फक्त महिपतलाच वाटायचं. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. दिवाळीनंतर एकदा त्याने भलत्याच गावाच्या किनाऱ्याला होडी लावली आणि आज आपल्या बंदरात एवढे पाहुणे कसे, म्हणून तिथल्याच लोकांना विचारलं. त्या दिवशी बायकोने, चंपाने, त्याच्याकडून शब्द घेतला: आणखी एकदा वाट चुकली तर सुकाणू भाच्याच्या, विठूच्या हातात. सुकाणू सुटलेला तांडेल म्हणजे ओट्यावर जाळी सांधत बसलेला म्हातारा. तसं बसायची महिपतची मुळीच तयारी नव्हती.

तोड सापडली ती जयकुमारमुळे. बंदरामागे डोंगरीच्या टेकडीवर विमानांना वाट दाखवायला एक उंच खांब उभारला होता आणि हा रत्नागिरीकडचा तरुण त्याची यंत्रं सांभाळायचा. खांब सदा सर्वकाळ एकच टूं-टूं हवेत सोडायचा आणि वैमानिक त्या आवाजावर दिशा धरायचे. मासळी घ्यायला आलेल्या जयकुमारने गंमत म्हणून महिपतच्या ट्रान्झिस्टरचा काटा पार टोकाला नेला, तर तीच टूं-टूं तिथेही लागली. मग त्याने ट्रान्झिस्टर हळूहळू फिरवला. एका जागी आवाज पार मेला.

"काका, आवाज मेला की समजायचं, ट्रान्झिस्टरचं टोक खांबाकडे आहे. पण एक लक्षात..."

महिपतने हात वर केला. "बस. दिशा मना शिकवू नको. ती माझ्या रक्तात हाय."

आणि ट्रान्झिस्टर बगलेत मारून तो निघालाही. अर्धं ऐकून पूर्ण समजणाऱ्यांचा आपल्याकडे कधी तुटवडा नव्हता, त्यात तांडेल म्हटल्यावर विचारायलाच नको.

थंडी सरता सरता एका सकाळी दर्यावर दाट धुकं बसलं. जाळी होडीत आली होती, पण आपलाच हात आपल्याला दिसेना. विठूचे तरणे डोळेही तिथे कुचकामी. महिपतला फार दिवसांनी बरं वाटलं. त्याने ट्रान्झिस्टर मांडीवर घेतला, फिरवला, आवाज मेला, आणि टोक दाखवत होतं तिकडे त्याने होडी हाणली.

बऱ्याच वेळाने विठूने खोली मोजायची शिशाची दोरी पाण्यात सोडली. ती तळाला लागेना.

"मामा, पानी खोल व्हतंय."

दोरी भिजून आखडली असेल, असं महिपतने सांगितलं. टूं-टूं बारीक होत चालली तेव्हा त्याने दोष सेलना दिला आणि बॅटरीतले सेल काढून ट्रान्झिस्टरमध्ये घातले. नव्या सेलवरही आवाज बारीकच. तेवढ्यात समोरून घरघर आली आणि धुक्याच्या वरून एक विमान त्यांच्या डोक्यावरून मागे निघून गेलं.

विठू चाचरत म्हणाला, "मामा, ते बी त्याच आवाजावर चाललंय ना? मग ते मागं कसं गेलं?"

"पायलट नवा असंल."

थोड्या वेळाने दुसरं विमान आलं. तेही समोरून आलं आणि मागे गेलं. या वेळी विठूने फक्त मान वळवून ते गेलं तिकडे पाहिलं. ते पाहणंच महिपतला झोंबलं. एक पायलट नवा असू शकतो. सगळं आकाश चुकतंय आणि आपण एकटे बरोबर आहोत, हे म्हणायला त्याची जीभ रेटेना. त्याने मुकाट्याने सुकाणू फिरवलं. हळूहळू टूं-टूं मोठी होत गेली.

होडी लागली तेव्हा बाजार उठून गेला होता. गावाने मासळी सोडून माणसांची काळजी सुरू केली होती. गर्दीत जयकुमारही होता.

"काका, त्या दिवशी सांगायचं राहिलं. ट्रान्झिस्टरला दोन टोकं असतात. खांब कुठल्या रेषेवर आहे तेवढं तो सांगतो. पुढे आहे की मागे, ते सांगत नाही."

"समजलं," महिपत म्हणाला.

विठू मामीला इंजिन बिघडल्याची थाप मारायला लागला, पण महिपतने त्याला थांबवलं आणि सगळं स्वतःच सांगितलं, नव्या पायलटसकट. चंपाने ऐकून घेतलं आणि मासळीची पाटी डोक्यावर घेतली. तिने बोल लावले असते तर सोपं गेलं असतं, असं त्याला वाटलं.

पुढचं धुकं आलं तेव्हा सुकाणूवर विठू होता. महिपत नाळेशी, होडीच्या पुढच्या टोकाला बसून मांडीवरचा ट्रान्झिस्टर फिरवत होता. आवाज मेला. विठूने सवयीने विचारलं, "मामा, कंच्या बाजूला?"

महिपतने ट्रान्झिस्टरची दोन्ही टोकं चाचपली.

"रेष ही हाय," तो म्हणाला. "बाजू तू बघ."