मकासरे बाईंचा गुरुवार

आमच्या शाळेत गुरुवारी कांदा मराठीत चिरता येत नाही. सुरी हातात घेतली की ‘आय अ‍ॅम कटिंग द अनियन’ असं मोठ्यानं म्हणावं लागतं. गप्प बसून चिरलं, तर मकासरे बाई शांतपणे येतात आणि मनगट धरतात. “हात चालला की तोंड चाललं पाहिजे,” असं म्हणून हात तसाच धरून ठेवतात. डोळ्यांतून पाणी वाहत असलं तरी सूट नाही. “आय अ‍ॅम क्रायिंग म्हण,” एवढीच सवलत.

तिसगावजवळची आमची जिल्हा परिषदेची शाळा लहान आहे. मी तिथं रुजू झालो तेव्हा पदवी होती, पण इंग्रजी बोलायची छाती नव्हती. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळं चुकलो तर हसं होईल ही भीती फार. पहिल्याच गुरुवारी बाईंनी माझ्या हाती उलथणं दिलं. मी घाबरून गप्प, आणि मनगट बाईंच्या हातात. शेवटी तव्यावरून धूर निघाला, तेव्हा मी ओरडलो, “द अनियन इज बर्निंग!” वयाच्या सव्विसाव्या वर्षी चारचौघांत मोठ्यानं बोललेलं माझं ते पहिलं इंग्रजी वाक्य. मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, “करेक्ट. आता गॅस बंद करा, सर.”

बाईंचा भूगोल वेगळाच. “मेक्सिको म्हणजे आपली पाथर्डीच. ऊन तेच, मिरची तीच, फक्त भाकरी मक्याची.” त्यांचा टाको ज्वारीच्या भाकरीत मटकीची उसळ भरून होतो. जपानची म्हणून त्या कोबीची धिरडी घालतात. आणि पास्ता? “इटलीच्या बायकांनी शेवया जरा जाड वळल्या, दुसरं काय!” भिंतीवर वर्षभराचं वेळापत्रक असतं. त्यात तारखेपुढं धड्याचं नाव नसून देशाचं नाव असतं. शिवाय गृहपाठ एकच, केलेला पदार्थ घरी जाऊन इंग्रजीत सांगायचा.

त्या गृहपाठानंच घात केला.

वेळापत्रकाप्रमाणे त्या गुरुवारी फ्रान्स होता, म्हणजे अंडी घालून केलेली गोड धिरडी. आणि त्याच दिवशी घट बसले होते. बाई ख्रिस्ती असल्या तरी अख्खा जन्म याच गावांत गेलेला. नवरात्रात इथल्या घरांतून अंडं हद्दपार होतं हे त्यांना पक्कं ठाऊक. पण त्यांनी भिंतीवरचा देश बघितला, कॅलेंडर बघितलं नाही. पोरांना माहीत होतं. पण धिरडी समोर असताना कोण बोलणार? मीही तालुक्याला बैठकीला गेलो होतो.

संध्याकाळी चौथीतल्या समीक्षानं घटासमोर उभं राहून ऐटीत सांगायला सुरुवात केली, “ब्रेक टू एग्ज.” तिची आजी कोंडाबाई शाळेत कधी गेली नव्हती, पण ‘एग्ज’ कळायला शाळा लागत नाही. समीक्षाचे वडील शाळा समितीचे अध्यक्ष. दुसऱ्या दिवशी मायलेक शाळेत हजर.

“पहिल्या माळेला पोरींच्या तोंडात अंडं घातलं व्हय, बाई?” आजी कडाडल्या.

“चूक झाली. माझीच,” बाई म्हणाल्या.

“इंग्लिश शिकवा की, आमी कुटं न्हाई म्हंतो?” अध्यक्ष म्हणाले. “पुस्तक हाय, फळा हाय. चूल कशाला? बंद करा ते.”

बाईंचा चेहरा एकदम उतरला. एरवी साहेबांशीही वाद घालणाऱ्या बाई हात जोडून म्हणाल्या, “फक्त येता गुरुवार द्या. आजी, तुम्ही या. तुमच्या उपासाचंच करू. नाही पटलं तर शेगडी मीच उचलून नेईन.”

पुढच्या गुरुवारी कोंडाबाई लेकाला आणि चार बायकांना घेऊनच आल्या, बहुतेक शेगडी उचलायला. बाईंनी जगाचा नकाशा टांगला होता. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो मूळचा ब्राझीलचा. शेंगदाणा, बटाटा, रताळं, सगळे दक्षिण अमेरिकेकडचे. मिरची मेक्सिकोची. मुलं एकेक नाव घेऊन नकाशावर बोट ठेवत होती आणि आजींचे डोळे मोठे होत होते.

“म्हंजे माझा उपास इतकी वर्सं फारेनचा हाय व्हय गं?”

“भगर तेवढी आपली, आजी,” समीक्षा म्हणाली.

“मंग आजपासनं भगरच खाते,” म्हणत आजींनी साबुदाण्याची परात पुढं ओढली. खिचडी परतायला त्यांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. तेवढ्यात समीक्षानं त्यांचं मनगट धरलं. “आजी, हात चाललाय तुझा. बोल!”

आजींनी लेकाकडं पाहिलं, बायकांकडं पाहिलं. मग पदर सावरून म्हणाल्या, “आय अ‍ॅम हलवतीय.”

“करेक्ट!” बाई म्हणाल्या. सगळी शाळा हसली, अध्यक्षही हसले. “ऱ्हाऊ द्या चूल,” ते म्हणाले. निघताना आजी उंबऱ्यात थांबल्या. “बाई, दसऱ्याला पारण्याचं जेवायला या आमच्याकडं. सर, यांना घिऊन या.”

दसऱ्याला बाराच्या सुमाराला मी बाईंच्या खोलीवर गेलो. त्या एकट्या राहतात हे माहीत होतं, पण आत कधी गेलो नव्हतो. ओट्यावर दुधाचं पातेलं, बिस्किटांचा डबा, एक ताट, एक पेला. तवासुद्धा दिसला नाही.

“बाई, तुमचा स्वयंपाक?”

“एकटीसाठी काय मांडायचं, सर? दुपारी पोरांच्या पंगतीला बसते. घरी घास उतरत नाही.” बाई खुर्चीवर बसल्या होत्या, ठेवणीतली साडी, पायांत चपला, हातात कुलूप.

“कधीपासून तयार आहात?”

“आठ वाजल्यापासून,” त्या जरा लाजून म्हणाल्या.

कोंडाबाईंनी त्यांना पानावर आपल्या शेजारी बसवलं. आपल्याकडं पाहुण्यानं पहिल्या पोळीनंतर पानावर हात आडवा धरून ‘नको, नको’ म्हणायचं असतं. मी म्हणत होतो. आजी पुरणपोळी वाढत होत्या, वर तूप सोडत होत्या, पुन्हा वाढत होत्या. बाई एकदाही नको म्हणाल्या नाहीत.