बशीरचाचांचा टोमॅटो

बशीरचाचा सकाळी दार वाजवून "कसे आहात?" असं विचारत नाहीत. ते विचारतात, "मास्तर, आज आमलेट हाय का?"

आमलेट त्यांना नको असतं, अंड्यांची टरफलं हवी असतात. तीही नीट फोडलेली. "टोकाकडनं फोडा की! मधनं फोडल्यावर बी कुटं झोपणार?"

सोलापुरात शुक्रवार पेठेत आमच्या शेजारच्या खोलीत चाचा एकटे राहतात. आयुष्यभर शिलाईकाम केलं. चाची दोन वर्षांपूर्वी गेल्या, मुलगी हैदराबादला. आता घरात जिकडेतिकडे रोपं. टरफलाला खाली सुईनं भोक पाडायचं, चमच्यानं माती भरायची, दोन बिया टाकायच्या आणि ट्रे फ्रीजच्या डोक्यावर ठेवायचा. "वर ऊब असती. बी लवकर जागं होतं." कोंब आला की ट्रे खिडकीत, आणि रोज टेप लावून माप! "अर्धा इंच उंची वाढली. कंबर मात्र बारीक हाय."

एक टोमॅटोचं रोप त्यांनी आम्हाला दिलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी टेप घेऊन ते हजर. माप घ्यायचं, पानं पुसायची, चहा घ्यायचा.

मग आम्ही लग्नाला चार दिवस मैंदर्गीला गेलो. परत आलो तर सोलापूरच्या उन्हानं रोपाची काडी झालेली. चाचांना काय सांगणार? मी गुपचूप नर्सरीतनं तसंच एक रोप आणून लावलं.

चाचा आले. चष्मा पुसला, रोपाकडे बराच वेळ पाहिलं, टेप लावली. "चार दिवसांत लई वाढलं की!"

मी सुटलो.

महिनाभर चाचा रोज येत राहिले, रोज कौतुक करत राहिले. एके दिवशी रोपाला जांभळं फूल आलं. बायको म्हणाली, "अहो, टोमॅटोला पिवळं फूल येतं. हे वांगं आहे!"

संध्याकाळी मी मान खाली घालून चाचांना सगळं सांगून टाकलं.

"म्हाईत हाय की," चाचा टेप गुंडाळत म्हणाले. "पयल्या दिवशीच कळलं. टोमॅटो आन् वांग्याचं पान एक असतंय व्हय?"

"मग बोलला का नाहीत?"

चाचांनी बशीत चहा ओतला.

"बोललो असतो तर तुमी लाजला असता. आन् मग मी रोज काय बगायला आलो असतो?"